जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी: बिघाड यंत्रात आहे की ड्रायव्हरमध्ये, हे घरच्या घरी कसं ओळखायचं

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा कॉम्प्युटर गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. दिवाणजींनी तो गाडीवर पुढ्यात ठेवून स्वतः आणला होता. "अर्ध्या तासानं आपोआप बंद पडतोय बघा. दोघांना दाखवला, दोघंही म्हणाले मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये हळदीचा थर बसलेला. दमट हवेनं त्या पिवळ्या धुळीची चक्क गादी झाली होती. चिमट्यानं एक टोक धरून ओढलं, तर अख्खी पट्टी निघून आली. ब्रशनं साफ केलं, नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे पोचवणारं मलम) लावली, पाऊण तासात काम झालं. मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिथं जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाला, काहीही झालेलं नव्हतं.

२००८ ते २०१५ च्या काळात घेतलेले असे कितीतरी कॉम्प्युटर आपल्याकडे घराघरांत आहेत. मुलांचा अभ्यास, सातबारा काढणं, ऑनलाइन फॉर्म, दुकानाचा हिशेब एवढ्याला ते आजही पुरतात. त्यांतले बरेचसे चुकीच्या निदानामुळे फुकट भंगारात जातात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्यांनी आजवर कॅबिनेटचा स्क्रूसुद्धा काढलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर, एक पेन ड्राइव्ह आणि एक वही एवढं जवळ ठेवा. वही यासाठी की आज काय बदललं ते लिहून ठेवायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर चालू झाला, तर कशामुळे झाला ते तुम्हाला कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी प्रश्न, मग स्क्रूड्रायव्हर

तक्रार नेमकी कोणती आहे ते आधी ठरवा. बटण दाबल्यावर काहीच होत नाही? पंखा फिरतो, पण स्क्रीनवर काही येत नाही? चालू होतो, पण मध्येच बंद पडतो किंवा अडकतो? की सगळं नीट चालतंय, फक्त आवाज नाही, वायफाय नाही, प्रिंटर नाही?

पहिल्या तीन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा यंत्रात, म्हणजे हार्डवेअरमध्ये असतं. चौथीचं बहुतेक वेळा ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा भाग यांच्यामधला दुभाषा. साउंड कार्ड धडधाकट असलं, तरी दुभाषा नसेल तर विंडोजला त्याच्याशी बोलता येत नाही. ही विभागणी डोक्यात पक्की असली की निम्मा खर्च वाचतो. फॉरमॅट मारून हार्डवेअर दुरुस्त होत नाही, आणि नवी रॅम टाकून प्रिंटर चालू होत नाही.

वीज आणि अर्थिंग

काहीच होत नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून कॉम्प्युटर थेट भिंतीला लावा. पाठीमागची पॉवर केबल दाबून बसवा, एसएमपीएसच्या (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या पेटीच्या) मागचा छोटा काळा स्विच चालू आहे का ते पाहा. केर काढताना हा स्विच बंद होतो आणि माणसं कॉम्प्युटर उचलून दुकानात घेऊन जातात, हे मी अनेकदा पाहिलंय.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही जुन्या घरांमधली नेहमीची तक्रार. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून थोडासा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात. घराला अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर वीजदाबाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्टपर्यंत दाब दिसतो. प्रवाह अगदी थोडा असल्यानं नुसत्या झिणझिण्या येतात, पण यूएसबीला जोडलेला प्रिंटर किंवा मोबाइल त्यानं खराब होऊ शकतो. याला कॉम्प्युटरमध्ये इलाज नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसत असेल, तर प्लग काढून ठेवा आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा लावूच नका.

एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस कडाडत येतो. ढग भरून आले की कॉम्प्युटरचा प्लग काढा आणि इंटरनेटची केबलही काढा. पुष्कळांना प्लग आठवतो, केबल आठवत नाही, आणि नेमका त्या केबलवाटे आलेल्या झटक्यानं लॅनचा पोर्ट जातो.

भिंतीत वीज आहे आणि कॉम्प्युटर निपचित पडलाय, तर एसएमपीएस संशयित. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल, तर चालू स्थितीत काळ्या वायरच्या तुलनेत पिवळ्या वायरवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट यायला हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. पिवळीवर ११.४ पेक्षा कमी दिसलं तर तो बदला. एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर भार साठून राहिलेला असू शकतो.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

इथं सगळ्यात जास्त कॉम्प्युटर वाचतात, म्हणून सावकाश सांगतो.

मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे ना, ते बघा. कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लावलेली हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नको. मग प्लग काढा, बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. झाकण उघडा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कोरड्या थंडीत अंगावर स्थिर विद्युत साठते, ती रॅमवर उतरण्याऐवजी पत्र्यावर उतरलेली बरी.

रॅमच्या, म्हणजे कामापुरत्या मेमरीच्या, पट्टीच्या दोन्ही बाजूंचे खटके बाहेर दाबले की पट्टी वर येते. कडेला धरा. खालच्या सोनेरी दातांकडे उजेडात पाहा. बऱ्याचदा त्यांच्यावर काळपट झाक दिसते. पट्टी कॅबिनेटच्या बाहेर, कागदावर आडवी ठेवा आणि पांढऱ्या मऊ खोडरबरानं ते दात हलक्या हातानं, एकाच दिशेनं पुसा. दोन्ही बाजू. खोडरबराचा भुगा कोरड्या सुती कापडानं झटका. स्लॉटमध्ये एकदा ब्रश फिरवा. पट्टीच्या खाचेशी स्लॉटमधला उंचवटा जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबा. खटके आपोआप मिटले आणि टक् असा आवाज आला की पट्टी बसली. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

विश्रामबागेतल्या एका काकूंना हे मी फोनवरून करायला लावलं होतं. मुलगी परीक्षेच्या फॉर्मसाठी खोळंबली होती, शेवटच्या तारखेला दोन दिवस राहिले होते. काकू म्हणाल्या, "मला काय जमतंय रे त्यातलं, मोडलं म्हणजे?" मी म्हटलं, "काकू, तुम्ही पुरणयंत्राची चाळणी काढून धुऊन परत बसवताच की. तेवढंच आहे." दहा मिनिटांनी फोनवर आधी टक् आणि मग विंडोज सुरू झाल्याचा सूर ऐकू आला.

तरीही स्क्रीन काळीच, तर एक कसोटी करा. रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढून कॉम्प्युटर चालू करा. मदरबोर्डला छोटा बझर जोडलेला असेल, तर तो लांब बीप देत राहील. ही आनंदाची गोष्ट आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड जिवंत आहेत आणि रॅम नाही म्हणून ओरडताहेत, असा त्याचा अर्थ. मग प्लग काढून एकेक पट्टी, एकेक स्लॉट असं बदलून बघा. बझर असूनही संपूर्ण शांतता असेल तर मात्र प्रकरण मदरबोर्ड किंवा प्रोसेसरचं आहे. त्यातही प्रोसेसरजवळच्या उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलीत का ते पाहा. ती सपाट असायला हवीत. दोन-चार फुगलेली असली तर ती बदलून मिळतात, त्यासाठी अख्खा बोर्ड टाकायची गरज नसते.

नाण्याएवढा सेल

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायोसची (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) सेटिंग तो सांभाळतो. सेल संपला की तारीख दर वेळी बरीच वर्षं मागे जाते, आणि ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला "सुरक्षित नाही" म्हणू लागतो. लोक व्हायरस समजून फॉरमॅट करतात. दोष तारखेचा असतो.

याहून फसवा प्रकार असा: सेल संपल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर जाते, हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत (साटा मोड) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर उलटते आणि विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. डिस्क चांगली, विंडोज चांगलं, तरी सुरू होत नाही. नवा सेल घाला, सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, तारीख लावा आणि साटा मोड पहिल्यासारखा करा. पुढच्या वेळेसाठी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मध्येच बंद पडतो

चालू होऊन दहा-वीस मिनिटांत बंद पडणं म्हणजे बहुधा उष्णता. धूळ काढताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या वाऱ्यानं पंखा भरधाव फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. साफ करूनही गरम होत असेल तर थर्मल पेस्ट वाळलेली असते. पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा भाग काढा, जुनी पेस्ट पुसा, हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा. पसरायची गरज नाही, दाबानं पसरते. परत बसवताना चारही पाय समोरासमोरच्या जोडीनं दाबा आणि बोर्ड मागून बघता येत असेल तर चारही खुंट्या पूर्ण बाहेर आल्यात का ते पाहा. एक पाय अर्धवट राहिला तर सगळी मेहनत वाया.

हार्ड डिस्क: आधी कॉपी, मग तपासणी

फाइल उघडायला मिनिटं लागतात, मधूनच टकटक आवाज येतो, तर थांबा आणि महत्त्वाचं सगळं आधी बाहेर काढा. फोटो, हिशेब, कागदपत्रं. आजारी डिस्कवर डिस्क-चेक चालवलं की ती तासन् तास राबते आणि त्यातच बसते. मी हे आग्रहानं सांगतो, कारण रॅम विकत मिळते, आजोबांचे फोटो मिळत नाहीत.

कॉपी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. यादीत रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा) आकडा वाढत असेल तर डिस्कचे दिवस भरलेत. सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर मात्र आधी डिस्कची साटा केबल बदला. दोष बहुतेक वेळा त्या स्वस्तातल्या केबलचा असतो, डिस्कचा नसतो. डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क) घ्या. जुन्या कॉम्प्युटरवर एकदाच खर्च करायचा असेल, तर माझ्या मते तो इथं करावा. रॅम वाढवण्यापेक्षाही याचा फरक जास्त जाणवतो.

पुराच्या पाण्यातला कॉम्प्युटर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. गावभागासारख्या वस्तीत तळमजल्यावरच्या वस्तूंचं काय होतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. भिजलेला कॉम्प्युटर "चालतोय का बघू" म्हणून कधीही चालू करू नका. प्लग लावू नका, मदरबोर्डवरचा सेल काढा. बोर्ड आणि कार्डं सुटी करून गाळ स्वच्छ पाण्यानं अलगद धुवा आणि सावलीत, वाऱ्याला अनेक दिवस वाळू द्या. हार्ड डिस्क मात्र उघडू नका, तिला वीज देऊ नका. तिच्यातला डेटा हवा असेल तर ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या. आणि पाणी चढण्याचा इशारा आला की कॅबिनेट माळ्यावर चढवायला वेळ नसेल तर निदान डिस्क काढून खिशात घाला. चार स्क्रू आणि दोन केबल, एवढंच काम आहे.

निवाडा करणारा पेन ड्राइव्ह

आता मधला पूल. आवाज येत नाही, वायफाय दिसत नाही. दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा? लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली आहे. तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती डाउनलोड करा आणि रुफस या प्रोग्रामनं आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवर आधी काही असेल तर ते पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता ते तसंच चालतं आणि तुमच्या विंडोजला हात लावत नाही.

तिथं गाणं वाजलं? मग साउंडचा भाग चांगला आहे, विंडोजचा ड्रायव्हर बिघडलाय. तिथंही वाजलं नाही, तर स्पीकर, केबल, पोर्ट यांच्याकडे वळा. काही वायफाय कार्डं लिनक्सलाही लगेच ओळखता येत नाहीत, तेवढा अपवाद धरा. बाकी वीस मिनिटांत निवाडा होतो, आणि तो कुठल्याही दुकानदाराच्या अंदाजापेक्षा भरवशाचा असतो.

ड्रायव्हर शोधण्याची रीत

विंडोजच्या स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ज्याच्यावर पिवळा त्रिकोण दिसेल त्यावर डबल क्लिक केलं की एक कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड २२ म्हणजे कुणीतरी तो भाग बंद करून ठेवलाय, राइट क्लिक करून एनेबल करा, संपलं. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण भाग सुरू होत नाही. तिथं ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. कोड ४३ आला तर तो भाग दुसऱ्या पोर्टला किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, कारण त्यात हार्डवेअरचा दोष असण्याची शक्यता जास्त.

"अननोन डिव्हाइस" असं नाव असेल तर घाबरू नका. त्याच खिडकीत डिटेल्स या टॅबवर जा, यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. व्हेन आणि डेव्ह या अक्षरांपुढे चार-चार अंक-अक्षरं दिसतील. व्हेन म्हणजे बनवणारी कंपनी: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. डेव्ह म्हणजे नेमकं मॉडेल. ते पूर्ण वाक्य कॉपी करून इंटरनेटवर शोधलं की नाव सापडतं.

इंटरनेटच चालत नसेल तर? अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलनं जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज १० त्याला बहुतेक वेळा आपणहून ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ही एक युक्ती माहीत नसल्यानं कितीतरी जण लॅनचा ड्रायव्हर लॅनवरून कसा डाउनलोड करायचा, याच कोड्यात अडकून बसतात.

ड्रायव्हर घ्यायचा तो कॉम्प्युटर किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून. मॉडेलचं नाव बोर्डवर ठळक छापलेलं असतं, किंवा विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये मिळतं. आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग आवाज आणि लॅन असा क्रम ठेवा. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. जुने प्रिंटर "खराब" ठरतात ते पुष्कळदा एवढ्याच कारणानं. विंडोज १० साठी ड्रायव्हर दिलेलाच नसेल तर ७ किंवा ८ चा, त्याच बिटचा, घेऊन बघा. बऱ्याचदा चालून जातो. विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स नावाचा कोपरा असतो, तिथंही डोकवा. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणारे प्रोग्राम मात्र घेऊ नका. जुन्या कॉम्प्युटरला नवीनात नवीन ड्रायव्हर नको असतो, त्याच्या वयाचा हवा असतो.

नवा ड्रायव्हर टाकल्यावर बिघडलं असेल तर त्या भागाच्या ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक हे बटण असतं. म्हणूनच टाकण्याआधी रिस्टोर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीला परत नेण्याची खूण) बनवा, आणि वहीत तारीख लिहा.

पुढचं विंडोज कोणतं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आपले जुने कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. बँकेचं काम असेल तर अपडेट बंद झालेल्या विंडोजवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मघाशी तपासणीला वापरलेलं लिनक्स मिंटच कायमचं बसवता येतं. त्यात मराठी टायपिंग आहे, आणि बहुतेक ड्रायव्हर आतच असतात. टॅलीसारखा एखादाच विंडोजचा प्रोग्राम लागत असेल, तर तो कॉम्प्युटर इंटरनेटशिवाय फक्त हिशेबाला ठेवा.

फॉरमॅट करायचंच ठरलं, तर त्याआधी एक काम. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी नावाचं फोल्डर आहे. ते अख्खं पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. फॉरमॅटनंतर त्याच आवृत्तीचं, त्याच बिटचं विंडोज बसवलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये "ब्राउझ माय कॉम्प्युटर" निवडून हे फोल्डर दाखवलं, की पुष्कळसे ड्रायव्हर तिथूनच बसतात. त्या दिवाणजींच्या कॉम्प्युटरचा असा पेन ड्राइव्ह मी कागदी पाकिटात घालून, वर मॉडेलचं नाव लिहून, कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटपट्टीनं लावून दिलाय.